लघवीची गोळी

गुरांपुढे टाकलेल्या उसाच्या वाढ्यांचा ओलसर वास आला की मला दुष्काळातली ती मावशी आठवते. गावच्या सहकारी सोसायटीच्या चारा छावणीत ती गुरांपाशीच राहायची, त्यामुळे तिच्या लुगड्यालाही तोच वास यायचा. मी नर्स होते त्या सरकारी दवाखान्यात ती आली, तेव्हा हृदय कमजोर होऊन तिचे पाय सुजले होते. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी रोज सकाळी घ्यायची, हे मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. पंधरवड्याने ती धापा टाकत आली आणि पदराच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट निघालं, न फोडलेलं. मी अख्ख्या वॉर्डासमोर तिला झापलं, "मरायचंय का मावशी?" ती हळूच म्हणाली, "शिष्टर, गोळी घेतली की घडीघडी जावं लागतंय. छावणीत समदे बापे. गुरांना सावलीला जाळी बांधलीय, बाईला अंधार पडंस्तोर आडोसा न्हाई." माझ्या तपासणीच्या कागदावर मीठ, झोप, तंबाखू, सगळ्याचे रकाने होते, आडोशाचा नव्हता. त्याच आठवड्यात ती गेली. कागदावर मी लिहिलं, 'समजावून सांगूनही रुग्णाने गोळ्या घेतल्या नाहीत.' त्यात एक शब्द खोटा नाही, आणि आज मला त्याचीच चीड येते.