मास्तरांच्या दाराला दुसऱ्याचं कुलूप

ते दार आणि त्याला लावलेलं ते भलंमोठं कुलूप अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी कोल्हापुरात फौजदार होतो.

एका सकाळी बिद्रीकडचा एक शेतकरी ठाण्यात तणतणत आला. मुलासाठी स्थळ बघायला तो शुक्रवार पेठेतल्या एका मास्तरांकडे आला होता.

"सायेब, दाराला कुलूप! घरमालक म्हनतोय, पंधरा दिस झालं, बिऱ्हाड सोडून गेल्याती. आमास्नी बोलवून पळून गेला की मास्तर! नोंद करा."

यात गुन्हा दिसत नव्हता, पण एक गोष्ट खटकली. शाळेची नोकरी सोडून मास्तर जाईल कुठे? मी हवालदाराला शाळेत धाडलं. मास्तर वर्गातच होते. तो त्यांना घेऊन आला. दाढी न केलेली, धोतर चुरगळलेलं. त्या शेतकरी पाहुण्याला बाकावर बसलेलं पाहताच त्यांनी मान खाली घातली.

मी त्यांना आत नेलं. "कुठं राहता?"

"धर्मशाळेत. किल्ली हरवली, साहेब."

"मग कुलूप तोडू. चला, मी येतो."

त्यांचा चेहरा उतरला. "नको, साहेब. पोलीस दारात आले तर गल्ली बघेल."

खोटं बोलणारा माणूस पोलिसाला घाबरतो. हे मास्तर गल्लीला घाबरत होते. मी चहा मागवला. कप अर्धा झाल्यावर ते बोलू लागले. घरमालकाला ती खोली जावयासाठी हवी होती. कायद्यानं भाडेकरूला काढायला कोर्टात जावं लागतं. त्यानं सोपा मार्ग काढला. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी घरची सगळी अंबाबाईच्या दर्शनाला गेली होती. तेवढ्यात मास्तरांचं कुलूप तोडून त्यानं आपलं लावलं. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे बाहेर राहिले.

"तक्रार का नाही दिली?"

"मुलीचं जमायचंय, साहेब. घराबाहेर काढलेल्या माणसाची पोरगी कोण करील?"

दोन पंच घेतले, वाटेत धर्मशाळेतून मास्तरांची बायको-मुलगी घेतली आणि आम्ही निघालो. पाहुणाही मागून आला. घरमालक सोप्यावर, दारापुढच्या ओसरीत, पान जुळवत बसला होता. उठलासुद्धा नाही.

"पंधरा दिवस झाले, साहेब. सामानसुमान घेऊन खुशीनं गेले. किल्ली त्यांच्याकडंच हाय."

मी खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. खुंटीला ओल्या फडक्यात मटकी बांधून टांगली होती. फडक्यातून पांढरे मोड बाहेर आले होते.

"पंधरा दिवसांची मटकी अशी राहते होय?" मी विचारलं.

त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं. पंच एकमेकांकडे बघू लागले. त्यानं करगोट्याला बांधलेली किल्ली काढून दिली. पंचनामा झाला, घरात जायला अटकाव केल्याचा गुन्हा नोंदवला, पुढे कोर्टानं त्याला दंडही केला.

दार उघडलं तेव्हा सगळी गल्ली जमली होती. मास्तरांची बायको पदरात तोंड लपवून आत शिरली. मुलगी तेवढी थांबली. पाहुण्याला म्हणाली, "आम्ही पळून गेलो नव्हतो."

त्या दणकट माणसानं डोक्यावरचा पटका सारखा केला. "व्हय पोरी. चुकलं आमचं. आत बोलवतीस का न्हाय आता?"

लग्न जमलं. मला आमंत्रणाची सुपारीही आली होती. प्रकरण निकाली निघालं म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला मात्र त्या गल्लीतली शांतता आठवत होती. कुलूप तोडताना शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. जबाबात एकेकानं ते कबूल केलं. ठाणं हाकेच्या अंतरावर असताना कुणी आलं नव्हतं. अन्याय झालेल्या माणसाला आमच्या दारात यायचीच लाज वाटावी, याची लाज मला वर्दी घातल्यापासून पहिल्यांदा वाटली. पुढे प्रत्येक ठाण्यात मी अंमलदाराला बजावत आलो: तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी बसायला सांगायचं, कागद मागाहून.

कोर्टाचा निकाल बाजूनं असूनही मास्तरांनी लवकरच खोली सोडली आणि उचगावला बिऱ्हाड नेलं. घरमालक मात्र तिथंच राहिला. मी गस्तीवर गेलो की सोप्यावरून मोठ्यानं हाक मारायचा, "या सायेब, पान खा!"

मास्तर एकदा बाजारात दिसले. मी हात वर केला. त्यांनी मला ओळखलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बोळात वळले.