आणीबाणीची वाहतूक

आज मी जो काही आहे, तो आईवडिलांनंतर आमच्या वायरलेसवाल्या काकांमुळे. सगळं वनखातं त्यांना काकाच म्हणायचं. कंट्रोल रूमच्या टेबलाशी बसून ते मानोऱ्याकडच्या जंगलातल्या सगळ्या वनरक्षकांशी बोलायचे. मी अनसिंगला शाळा शिकलो, वाशीमला पदवी घेतली आणि वनरक्षक झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. हे कळल्यावर काकांनी माझ्यापुढे वायरलेसच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक ठेवलं.

"तू ग्रॅज्युएट हाय ना? मंग हे मराठीत करून दे. पोट्ट्यायले समजत नाही."

मी आठवडाभर डिक्शनरी घेऊन बसलो. सुवाच्य अक्षरात कागद तयार केला. काकांनी तो वाचलाही नाही. "ग्रॅज्युएटानं केलं म्हंजे बरोबरच असन," म्हणाले आणि भिंतीवर चिकटवून टाकला. त्यातला नववा नियम मी असा लिहिला होता: 'सुटीवरील कर्मचाऱ्याने आणीबाणीची वाहतूक पुढे जाऊ द्यावी.' मला वाटलं, ॲम्ब्युलन्स आली की बाजूला व्हायचं. यात नियम कशाला हवा, असंही वाटलं होतं.

वणव्याच्या दिवसांत सुटीतही वायरलेस सेट जवळ ठेवावा लागे. माझी समजूत अशी, की सुटीत फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. नोकरी अजून पक्की झाली नव्हती, त्यामुळे नियमाला मी जरा जास्तच जपायचो.

एका रविवारी सकाळी तांड्यावरून परत येताना नाल्याजवळ एक आजी दिसल्या. मोहफुलं वेचताना मधमाश्या उठल्या होत्या. चेहरा सुजलेला, श्वासाला घरघर. त्यांची सून पदरानं वारा घालत होती. नाल्यात मोबाईलला रेंज नाही. सुनेनं माझ्या कमरेच्या सेटकडे बोट दाखवलं.

"दादा, ते काय शोभेले बांधलं काय?"

मी बटण दाबलं. "कंट्रोल, मी सुटीवर आहे. बोलायची परवानगी नाही, त्याबद्दल क्षमस्व. ओव्हर."

पलीकडून काका म्हणाले, "माफी काहून मागून राह्यला? काय झालं अन कोठी, थे सांग. ओव्हर."

मी सांगितलं. जवळच गस्तीची जीप होती, ती वीसेक मिनिटांत आली. आजींना दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं. संध्याकाळी त्या उठून चहा मागत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी लेखी खुलासा घेऊन काकांपुढे उभा राहिलो.

"कायचा खुलासा? नववा नियम तूच लिवला ना?" त्यांनी चष्मा लावून भिंतीवरचा कागद पहिल्यांदा वाचला. मग इंग्रजी पुस्तकातल्या 'पास इमर्जन्सी ट्रॅफिक' या शब्दांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. "ट्रॅफिक म्हंजे काय रे?"

"वाहतूक."

"अन पास करणं?"

"पुढे जाऊ देणं."

काका टेबलावर डोकं ठेवून हसले. "बाप्पा, वायरलेसवर ट्रॅफिक म्हंजे निरोप. पास करणं म्हंजे पोचवणं. आता तूच नीट करून लिव."

मी खोडून लिहिलं: 'सुटीवर असलेल्यानेही जिवाच्या धोक्याचा निरोप पोचवावा.' खुलासा काकांनी परत दिला, पण गोष्ट सगळ्यांना सांगितली. अजूनही दोघंतिघं मला ट्रॅफिक साहेब म्हणतात.

काका निवृत्त होऊन धनजला गेले. मागच्या महिन्यात त्यांना हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

माझी नोकरी पक्की झाली. मोहवाल्या आजी खुशाल आहेत. त्यांनी तुमच्यासाठी मोहाचे लाडू दिले आहेत, येताना आणतो. मुख्य बातमी वेगळीच आहे. परवा आमच्या नव्या वनरक्षक बाई सुटीवर होत्या. वाटेत एकाची मोटारसायकल घसरलेली दिसली, पाय मोडला होता. बाईंनी सेटवर जागा सांगितली, काय झालं ते सांगितलं आणि बटण सोडलं. माफी वगैरे काही नाही. मी कंट्रोलला होतो. नंतर विचारलं, भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, "कायची? भिंतीवर लिहेल तर हाय."

तो कागद आता पिवळा पडला आहे, म्हणून नवा लिहून सोबत पाठवतो आहे. या वेळी मात्र तुम्ही वाचल्याशिवाय तो चिकटवणार नाही. चुका लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवा.