समोरची खव्याची भट्टी

लेकीकडं जायला मी जिथं एस.टी.ची वाट बघते, तिथं समोरच एका बाईची खव्याची भट्टी आहे. तिचं नाव मला ठाऊक नाही. कुणाशीही बोलताना तिचं कढईतलं उलथणं थांबत नाही. थांबलं तर दूध बुडाला लागतं आणि सगळा खवा जळकट होतो.

परवा डेअरीचा माणूस आला.

"वहिनी, सासूच्या काळात दुधाची गाडी नव्हती. दूध नासायचं म्हणून तिनं खवा आटवला. आता कशाला धुरात बसता? सगळं दूध आमाला घाला."

"तुमच्या टाकीत माझं दूध कुठलं, वळखू यील का तुमाला? बाजारात खवा चाखला की लोक म्हणतेत, ह्यो हिचाच."

"मग उद्यापासनं गाडी तुमच्या दारात थांबणार न्हाय. खवा न्हाय खपला तर?"

"तर म्याच खाईन. सरका, धूर लागंल."

तो तणतणत गेला. मला तिची दया आली नाही. दया करावी अशी ती बाईच नव्हती. एस.टी. आली तेव्हा तिनं पहिला खवा उतरवून पुढचं दूध कढईत ओतलं होतं.