मुरलीधर सप्र्यांच्या वहीतला तलाव

दीक्षितपुऱ्यातले मुरलीधर सप्रे कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. दर ऑक्टोबरात पनागर रस्त्यावरच्या एका तलावात दोरी घेऊन उतरायचं आणि काठापासून मधल्या पाण्यापर्यंत काय काय उगवलंय ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही त्यांनी ते सोडलं नाही. अशा एकतीस वह्या झाल्या.

त्याच तलावात राधाबाई शिंगाडा लावायची. तलाव उरलाच नाही, ही पडीक जमीन आहे, असा अर्ज एका बिल्डरने तहसिलीत केला, तेव्हा ती त्यांच्या दारात आली.

"बाबूजी, आपका लिखा तो सरकार मानेगी."

"काहून नाही मानणार?" आतून त्यांची बायको विभावरीबाई म्हणाल्या. "यांनी जन्मात किराण्याची यादी नाही लिहिली, पण तलाव लिहून राहिलेत."

सुनावणीत मुरलीधरांनी सादर केलेल्या वह्या बिल्डरच्या वकिलाने शांतपणे चाळल्या आणि मोठ्याने वाचू लागला. पहिल्या वहीत पाण्याखाली हायड्रिला, वर कमळ, शिंगाडा. विसाव्या वहीत शिंगाड्याच्या जागी पाणकणीस. सत्ताविसाव्या वहीत लव्हाळा, पाऊल बुडत नाही. शेवटच्या वहीत बाभळीची चार रोपं.

"तालाब भरते-भरते ज़मीन बन जाता है. आपके यहाँ यही पढ़ाते थे न?"

"हाँ. लेकिन उसमें सैकड़ों साल लगते हैं. यहाँ ट्रकों से मलबा डाला गया."

"किस पन्ने पर लिखा है?"

कुठेच नव्हतं. ट्रक मुरलीधरांनी पाहिले होते. एकदा तर दोरी हातात धरून ते ट्रक जाईपर्यंत बाजूला उभे राहिले होते. पण रुजू झाले त्या वर्षी विभागातल्या सरांनी बजावलं होतं, वहीत फक्त वनस्पती, बाकी काही नाही. ती शिस्त त्यांनी एकतीस वर्षं मोडली नाही.

बाहेर आल्यावर राधाबाई चपला शोधत म्हणाली, "ट्रक तो मैं भी गिनती थी, बाबूजी. मुझसे किसी ने पूछा ही नहीं."

महिनाभराने जमीन पडीक ठरली. मुरलीधर तहसिलीत वह्या परत मागायला गेले. तिथल्या कारकुनाने फाइल उघडून दाखवली. वह्या आता मिळणार नव्हत्या. अर्जदार बिल्डरच्या बाजूचा पुरावा म्हणून त्या जमा झाल्या होत्या.