ओट्याशेजारचं दार

कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात आलं. इंजिनिअर माणसाला काहीतरी तपासायला मिळालं की त्याला जेवणखाणही सुचत नाही. शनिवार उजाडला की बॉटनी डाउन्सच्या घरून निघायचं आणि कुणाच्या तरी ड्राइव्हवेत उभी असलेली कॅरॅव्हॅन बघायला जायचं, असा आमचा क्रमच लागला. आत शिरल्या शिरल्या हा आधी वास घेणार, मग खिडक्यांच्या कडेनं अंगठ्यानं भिंती दाबत फिरणार. भिंत मऊ लागली की आत पाणी मुरलंय, म्हणजे बाद. मग गाद्या उचलून खालच्या फळ्या बघायच्या, आणि शेवटी बाहेर गवतात उताणं पडून खालचा सांगाडा गंजलाय का ते बघायचं. ''अरे, स्थळ बघायला आलोय की कॅरॅव्हॅन?'' असं मी त्याला मराठीत सुनवायची. विकणारे बिचारे नुसते हसत उभे राहायचे.

हा सगळा खटाटोप खरं तर माझ्या आईसाठी होता. बाबा गेल्यावर ती पुण्याहून इकडे परदेशात आमच्याकडे राहायला आली. सुरुवातीला आमच्याबरोबर हौसेनं सगळीकडे यायची. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र तिनं एकच पालुपद लावलं होतं, ''तुम्ही या जाऊन, मी घरीच बरी.'' बीचवर नाही, हॅमिल्टनला मैत्रिणीकडे नाही, शेवटी शेवटी तर देवळातही नाही. आमच्या मुली गळ्यात पडायच्या, ''आज्जी, प्लीज कम, इट्स हीप्स ऑफ फन!'' ती त्यांचे पोहायचे टॉग्ज आणि टॉवेल पिशवीत भरून द्यायची, दशम्या बांधून द्यायची आणि दारात उभी राहून हात हलवायची.

मला वाटायचं, बाबांच्या आठवणीनं तिचं मन उडालंय. कधी समजूत काढायची, कधी चिडायचीही. एक दिवस ही पुण्याचं तिकीट काढायला सांगेल आणि त्या बंद फ्लॅटमध्ये एकटी जाऊन राहील, याची मला मनापासून भीती वाटत होती. म्हणून कॅरॅव्हॅन. तिचा पलंग, तिचे डबे, तिचा चहा, सगळं बरोबर नेलं तर येईल, असा माझा हिशेब.

पहिली बरी कॅरॅव्हॅन घराजवळच होती, म्हणून आईला आग्रहानं दाखवायला नेलं. आत छोटा ओटा, त्यावर गॅस, आणि ओट्याला लागून एक अरुंद दार. आईनं ते उघडलं आणि तोंडाला पदर लावला.

''अगं, ओट्याशेजारी संडास? इथे भाजी चिरायची आणि तिथे… शी! मी इथे पाणीसुद्धा पिणार नाही.''

झालं. तेव्हापासून आम्ही बिनसंडासाची कॅरॅव्हॅन शोधायला लागलो. तशा मिळायच्या, पण सगळ्या जुन्यापान्या आणि भिंती भिजक्या बिस्किटासारख्या. नीट बांधलेली म्हणून जी दिसायची, तिच्यात ते दार असायचंच.

मग हेन्डरसन भागातली एक सापडली. एका निवृत्त आजोबांनी ती जिवापाड जपली होती. भिंती टणक, कुठे ओलीचा वास नाही, खण उघडले तरी खडखड नाही. नवरा गाडीखालून बाहेर आला तो केसांत गवत घेऊन, पण चेहरा खुललेला. शेवटचा शब्द तुमचा, असं म्हणून त्या दिवशी त्यानं आईलाही आणलं होतं. ओट्याशेजारी दार होतंच, पण यावर यानं उपाय काढून ठेवला होता.

''आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. हा संडास आपण काढूनच टाकतोय. तिथे छान कपाट होईल, तुमच्या देवांना.''

संडासाच्या जागी देव! मी डोळे वटारले, तेव्हा कुठे तो गप्प झाला. आजोबांना त्यानं हे इंग्रजीत आधीच सांगितलं होतं; ते ''स्वीट ॲज'', म्हणजे चालेल की, म्हणून पाने-पकडी आणायला गॅरेजमध्ये गेलेसुद्धा.

एरवी आईनं या कपाटावरून त्याला चांगलं झापलं असतं. त्या दिवशी मात्र ती बाकावर टेकली आणि मला हळूच म्हणाली, ''ही गाडी जिथे नेऊन लावतात, त्या कॅम्पातला संडास किती लांब असतो गं?''

''असेल थोडं चालत. मी येईन ना सोबत.''

''तासातासाला येशील?'' ती खाली बघत होती. ''मला धरवत नाही गं. साधा खोकला आला तरी होतं. गाडीत बसले की सगळा जीव त्यातच अडकलेला असतो.''

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. याच तक्रारीवरच्या गोळ्या मी रोज दुसऱ्यांच्या आयांना समजावून देते. मला इतकं वाईट वाटलं, की आवाज चढलाच.

''मग आधी का नाही सांगितलंस?''

''जावयाच्या घरात काय सांगू?'' ती म्हणाली. ''आणि त्या दिवशी तर एवढं बोलून बसले. मग कुठल्या तोंडानं म्हणायचं, संडास हवाच म्हणून?''

जावई दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि मघाशीच तपासलेलं टायर पुन्हा तपासायला तो घाईघाईनं खाली वाकला. मी आईचा हात हातात घेतला.

''अगं, पण ओट्याशेजारी तुला चालेल का?''

''नाहीच चालणार,'' ती म्हणाली.

एवढ्यात आजोबा पाने घेऊन आले. ''सो, द टॉयलेट्स कमिंग आउट, येह?''

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायचं तरी बोलायला मला पुढे करणारी माझी आई उठून उभी राहिली, तिनं पदर सारखा केला आणि आजोबांना ठणकावून सांगितलं,

''टॉयलेट स्टे. स्टोव्ह गो. कुकिंग आउटसाइड.''