श्वास घेणारी बोअर

स्वप्नाली होनमाने आमच्या कॉलेजात विचारकौशल्यं शिकवते. नाव ऐकून मुलं आधी हसतात. विचार करायला काय शिकायचं असतं? पहिल्याच तासाला ती फळ्यावर लिहिते : दावा, पुरावा, गृहीतक, अनुमान. मग विचारते, "मेलेली बाई जमिनीतून बोलते. हे यातलं काय?" कुणीतरी 'दावा' म्हणतं. "बरोबर. आता तो खोटा आहे असं तुम्ही धरून चाललात, ते काय?" यावर बहुतेक मुलं फळ्यावरच्या 'गृहीतक' या शब्दाकडं बघू लागतात.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. माधवनगरला आम्ही दोघी एका घरात भाड्यानं राहतो. ती जत तालुक्यातल्या पिंपरखडीची. घरची मेंढरं. लहानपण वडिलांच्या मागून माळ तुडवण्यात गेलं. रात्री कळपात गडबड झाली आणि ती "लांडगा!" म्हणून ओरडली, की वडील विचारायचे, "लांडगा बघितलास का लांडग्याचा माग बघितलास?" पुढे हॉस्टेलवर राहून ती एम.ए. झाली, पण शिकवायची खरी सवय तिला त्या प्रश्नानं लावली असं ती सांगते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. गावात आता तिची चुलती हरणाबाई तेवढी उरली होती.

दिवाळी होऊन गेल्यावर हरणाबाईंचा फोन आला. स्वप्नालीनं स्पीकर लावला नव्हता, तरी तो घोगरा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. रडण्याचा आवाज मात्र नव्हता. फोन ठेवल्यावर स्वप्नाली म्हणाली, "ऋचा, उद्या माझ्याबरोबर गावाला येशील? तुला एक आवाज ऐकवायचाय. कसला ते विचारू नकोस. आणि गावात कुणाशी त्यावर बोलायचं नाही. तुझे कान मला कोरे हवेत."

मी गेले. एस.टी.नं जत, तिथून वडापची जीप. फाट्यावर उतरून माळ चढताना समोरून येणारी माणसं स्वप्नालीला ओळखत होती, पण बोलत नव्हती. घरी न जाता ती मला सरळ माळावर घेऊन गेली. बाभळीच्या झुडपाशेजारी जमिनीतून एक लोखंडी पाइप वर आला होता. वरची कड फुटून वाकलेली. पाणी न लागलेली बोअर, तशीच उघडी सोडून दिलेली.

दुपार कलत होती. वारा अजिबात नव्हता. आणि तो आवाज आला.

आधी मला वाटलं, लांब कुठंतरी ट्रक चढ चढतोय. मग कळलं की आवाज पायाखालून येतोय. लांबट, घशातला, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा.

"काय ऐकलंस?" स्वप्नालीनं विचारलं.

"शब्द नव्हता. कुणीतरी झोपेत श्वास टाकावा तसं वाटलं."

तिनं मान हलवली आणि मग सगळं सांगितलं. हरणाबाईंचा मुलगा बिरदेव कोइमतूरला गलाईच्या दुकानात कामाला, सोनंचांदी गाळायच्या. त्याची बायको मंगल इथं सासूजवळ राहायची. दोघींचं फारसं पटत नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटी मंगल शेरडं घेऊन माळावर आली आणि परत गेलीच नाही. शेरडं एकटीच घरी आली. बोअरपाशी तिची एक चप्पल सापडली. पोलिसांनी हरवल्याची नोंद घेतली, तेवढंच. थंडी सुरू झाली आणि गावानं बोअरचा आवाज ऐकला. मंगल आतून म्हणते, 'आले, आले.' सासूनंच तिचं काहीतरी केलं, असं सगळ्यांनी ठरवलं. हरणाबाईंना पाण्याच्या टँकरपाशी उभं राहू देत नव्हते.

ती बोलत होती तेवढ्यात बोअर पुन्हा बोलली. या वेळी मी स्पष्ट ऐकलं : 'आलेऽ.'

मी दचकून मागे सरकले. "आता मला पण तेच ऐकू आलं!"

"मी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. "एकदा सांगितलं की कान परत कोरा होत नाही."

दुसऱ्या दिवशी सीमेपलीकडून बांगड्या विकायला एक कासारीण आली होती. तिला मराठी जेमतेम यायचं. स्वप्नालीनं तिलाही काही न सांगता माळावर नेलं. आवाज ऐकताच ती बाई पाटी टाकून उभीच राहिली. "बा, बा अंतय," म्हणाली. ये, ये म्हणतंय. कानडी माणसाला कानडी ऐकू आलं होतं. स्वप्नालीच्या दृष्टीनं हा भक्कम पुरावा : शब्द बोअरमध्ये नाही, ऐकणाऱ्यात आहे. मला मात्र दिवसभर वेगळंच टोचत राहिलं. शब्द वेगळे होते, पण दोन्ही भाषांत 'येणं'च का ऐकू आलं?

मग ती घरोघर फिरली. प्रत्येकाला एकच विचारायची, "तू स्वतः काय बघितलंस, आणि काय कुणाकडून ऐकलंस?" हरणाबाई मंगलला मारताना शेजारच्या राजनंदिनीनं बघितलं, असं पप्पूनं सांगितलं. हा दुकान चालवणारा, बोलण्यात पुढं. राजनंदिनी म्हणाली, "मी कुठं बघितलंय? मला पप्पूनंच सांगितलं."

"मग काय रे पप्पू?" स्वप्नालीनं त्याला गाठलं. "फिरून तुझ्याकडंच आलं की."

"आवं ताई, आख्खं गाव सांगतंय म्हंजे काय उगंच?"

"पाइप केवढासा आहे बघ. कलिंगडसुद्धा आत जात नाही. बाई जाईल कशी?"

"मेल्यावर माणसाला जागा किती लागतीया?" तो शांतपणे म्हणाला.

बोलून भागत नव्हतं, म्हणून तिनं गावासमोर प्रयोग केला. शाळेपुढं जमलेल्यांना माळावर नेलं, जुन्या लुगड्याची एक चिंधी बोअरच्या तोंडाशी बांधली. दुपारी हवेचा दाब उतरतो, खडकाच्या भेगांत अडकलेली हवा बाहेर येते, फुटक्या कडेवर घासून वाजते. संध्याकाळी दाब चढला की हवा उलटी आत जाते. हे तिनं सोप्या शब्दांत सांगितलं. चिंधी वर फडफडत होती. लोक ऐकत होते, काही माना डोलावतही होते. सूर्य खाली गेला. चिंधी हळूहळू लुळी पडली, क्षणभर लोंबली, आणि मग कुणीतरी आतून ओढावी तशी सरसरत पाइपात शिरली.

"श्वास घेतीया!" एक बाई किंचाळली. "जित्ती हाय आत!"

सगळे गावाच्या दिशेनं पळाले. स्वप्नाली तिथंच उभी. तिचाच पुरावा लोकांनी उचलून तिच्या विरुद्ध बाजूला लावला होता. जाता जाता पप्पू म्हणाला, "उद्या म्हातारीला हितं आणा. बोलू द्यात दोघींना समोरासमोर." बोलण्यात धमकी नव्हती; त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

घरी हरणाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. "स्वप्ने," त्या म्हणाल्या, "आता मला बी वाटाय लागलंय. मी कायतरी केलं आसंल आन् इसरले आसंन."

स्वप्नालीनं ताट बाजूला सारलं. तिला इतकं हादरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ती माझ्याकडं वळली. "मी चुकीचा प्रश्न धरून बसले, ऋचा. आवाज कुणाचा, हेच विचारत राहिले. मंगल मेली, हे तर मीही गृहीत धरलं. काकी, मंगलच्या माहेरचे भांडायला आले होते का कधी?"

"न्हाई गं. एकदा बी न्हाई. गाव म्हणतंय, भ्याल्यात."

"पोटची पोर मेल्यावर आई भिऊन गप्प बसेल?"

सकाळी आम्ही कवठेमहांकाळच्या बाजूला तिच्या माहेरी पोचलो. मंगलची आई अंगणात शेंगा निवडत होती. मुलीचं नाव काढताच म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाई." हात मात्र थांबले.

"मावशी, गाव आज हरणाबाईंना बोअरपाशी उभं करणार आहे. पुढं काय होईल सांगता येत नाही. तुमच्या लेकीच्या नावानं होणार आहे."

म्हातारीनं आमच्याकडं एकदा बघितलं. "तिनं शप्पत घातलीया," ती पुटपुटली, आणि कनवटीचा मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "लावा तुमीच. मंजे शप्पत माज्याकडनं मोडायची न्हाई."

मी स्पीकरवर फोन लावला; उचलला तो मंगलनंच. ती महाबळेश्वरच्या वरच्या अंगाला एका स्ट्रॉबेरीच्या शेतावर होती. खुडायचं आणि पेट्या भरायचं काम. चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती तिथंच टाकली, दुसरी ओढ्यात फेकली आणि अनवाणी फाट्यावर येऊन डाळिंबाच्या टेंपोत बसली, असं तिनं सांगितलं. सासूवर राग होता, पण तिचं असं होईल हे मनात नव्हतं. मग एकदम तिनं विचारलं, "ताई, बोर आजून बोलतीया?"

स्वप्नाली थबकली. "तुला कसं माहीत? तू गेल्यावर ते सुरू झालं."

"न्हाई वो. मला लय आधीपासनं ऐकू यायचं. शेरडं चारताना. 'मंगल, चल' म्हणायची. माज्याच आवाजात." पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता. "म्हणून तर निघाले मी."

माणूस आपल्या मनातलं आवाजात ऐकतं, हे स्वप्नालीनं मला नंतर वडापमध्ये समजावलं. मंगलला जायचं होतं, म्हणून तसं ऐकू आलं. पटण्यासारखं होतं. सांगताना ती स्वतःचे कान बोटांनी चोळत होती.

गावात परतून व्हिडिओ कॉलवर मंगलचा चेहरा दाखवला, तेव्हा पप्पू म्हणाला, "आता मोबाइलात मेल्याली बी बोलवत्यात." हल्ली तसले बनावट व्हिडिओ निघतात; त्याचं अगदीच चूक होतं असं म्हणता येत नव्हतं. स्वप्नालीनं वाद घातला नाही. त्याला आणि दोन जाणत्यांना समोर बसवून एवढंच कबूल करून घेतलं की मंगल स्वतः येईपर्यंत हरणाबाईंना कुणी हात लावायचा नाही.

मंगल आली, ती भर उन्हाची. पांढऱ्या मातीच्या रस्त्यावरून एकटी चालत. दारादारांत बायका उभ्या होत्या. कुणी 'कवा आलीस' म्हणालं नाही. सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर होत्या, पाय उलटे आहेत का ते बघत. मंगलला ते कळलं. तिनं चौकात चप्पल काढली आणि दोन्ही पावलं तापल्या फरशीवर ठेवून उभी राहिली. राजनंदिनीनं पुढं होऊन तिच्या दंडाला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "ऊन हाय अंग," ती इतरांना म्हणाली. जशी मंगल तिथं नव्हतीच.

हरणाबाई बाहेर आल्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. "जेवलीस?" हरणाबाईंनी विचारलं. मंगलनं मान हलवली, नाही. त्या तिला आत घेऊन गेल्या.

टँकरची रांग हरणाबाईंना पुन्हा खुली झाली. माफी कुणी मागितली नाही. बोअरवर वेल्डिंग करून झाकण बसवलं. ते लावायला आलेला माणूस काम उरकून पाणीही न पिता गेला. बिरदेव कोइमतूरहून आला, बायकोशी बोलला, आणि तिनं काम सोडायचं नाही असं दोघांचं ठरलं.

परतीच्या वाटेवर मी स्वप्नालीला विचारलं, "तू काय ऐकलंस, बोअरपाशी?"

"माझी साक्ष बाद. मला काकीनं आधीच सांगून ठेवलं होतं."

"तरी?"

"ते मी फळ्यावर कधी लिहिणार नाही," ती म्हणाली आणि खिडकीकडं वळली.

पुढच्या हंगामात हरणाबाई सुनेकडं महाबळेश्वरला राहायला गेल्या. वाईच्या बाजारात मला दोघी भेटल्या. दोघींच्या बोटांना स्ट्रॉबेरीचा लाल रंग, आणि भाजीवाल्याशी घासाघीस एकदम, एका सुरात. पिंपरखडीला त्या सणालाच जातात. त्या आल्या की मंगलच्या हातचा चहा अजूनही कुणी पीत नाही. कप घेतात, गार होऊ देतात आणि नजर चुकवून ओटीखाली ओततात.