पंपासाठी सी प्लस प्लस

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने काही नवीन शिकायचं ठरवलं की घरचे आधी त्याचं ब्लडप्रेशर तपासतात. माझंही तपासलं. ते ठीक निघालं, त्यामुळे मला अडवायला कोणाकडे काही कारण उरलं नाही.

निमित्त होतं वाडीतला पंप. आमची केळीची वाडी वसईत, समुद्राच्या बाजूला. विहीर एक, पंप एक आणि त्यावर भिजणाऱ्या वाड्या दोन. एक आमची, दुसरी कुंपणापलीकडची काकांची. रोज पहाटे बाबा जाऊन पंप सुरू करायचे. आमच्या केळींच्या बुंध्याभोवतीची अळी भरली की कॉक फिरवून पाणी काकांच्या बाजूला सोडायचे आणि कुंपणाकडे तोंड करून ओरडायचे, "पानी सोडलाय!" या दोन सख्ख्या भावांमध्ये एवढंच बोलणं उरलं होतं. वाटणीच्या वेळी एका आंब्यावरून त्यांचं बिनसलं. आंबा पुढे वादळात पडला, अबोला मात्र टिकून राहिला. काका उत्तर द्यायचे नाहीत. पलीकडे कुदळीचा आवाज सुरू झाला की समजायचं, ऐकलं.

गेल्या थंडीत बाबा विहिरीजवळ घसरून पडले. गुडघा सुजला. डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं, बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या पहाटे लंगडत विहिरीवर गेले. मला भीती वाटायला लागली. पुन्हा पडले तर? काका हाकेच्या अंतरावर होते, पण त्यांना हाक मारतील तर ते बाबा कसले! मी जातो म्हटलं तर म्हणाले, "तू झोप. तुला कामावर जायचाय." मी फार आग्रह केला नाही, कारण पहाटे उठणं मला जन्मात जमलेलं नाही. आळशी माणसाला यंत्राचं प्रेम लवकर जडतं.

काकांची मुलगी नायगावला टॉवरमध्ये राहते आणि कंप्युटरवरच पोट भरते. अबोला मोठ्यांचा, आम्ही दोघं व्यवस्थित बोलतो. तिने सांगितलं की पंपाला एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडता येतो, फक्त त्याने कधी काय करायचं ते त्याच्या भाषेत लिहून द्यावं लागतं. "पायथन शिक, दादा. या बोर्डवर चालते आणि सोपी आहे."

सोपी! हा शब्द तिने वापरायला नको होता. आमच्या घरात सोप्याला किंमत नाही. बाबा राजेळी केळ्यांची सुकेळी करतात ती अजून उन्हातच. सोलायची, सकाळी बाहेर मांडायची, संध्याकाळी आत घ्यायची, माश्या-मुंग्यांपासून राखायची. ड्रायर आणूया म्हटलं की म्हणतात, "मग ती सुकेळी नाय, बिस्किटां." हा रोग माझ्यात पुरेपूर उतरलाय. मी विचारलं, अवघड कोणती? ती म्हणाली, "नवशिक्याने सी प्लस प्लसच्या नादी लागू नये."

झालं. मी सी प्लस प्लसचं जाडजूड पुस्तक आणलं आणि कामावर सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं. गोखिवऱ्याला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. साहेबांनी विचारलं, "मुलाचं का?" मी म्हटलं, "माझं." त्या पुस्तकाने मला दिलेला तो शेवटचा आनंद.

पुढचे महिने कसे गेले ते माझ्या बायकोला विचारा, ती हसत हसत सांगते. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायला मी विसरायचो, आणि कंप्युटर चूक दाखवायचा पुढच्या ओळीत. चोर सोडून संन्याशाला सुळी. मी बिचाऱ्या पुढच्या ओळीची तासन्‌तास उलटतपासणी घ्यायचो. मग पॉइंटर आले. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता. हे मला लगेच कळेल असं वाटलं होतं. पण आमच्याकडचा पत्ता म्हणजे "चर्चच्या मागून या, तळं लागलं की कोणालाही विचारा." कंप्युटर कोणालाही विचारत नाही. चुकीच्या घरात शिरतो आणि तिथे जे असेल ते उचलून आणतो. पंप बंद करायची वेळ म्हणून त्याने एकदा असा आकडा आणला की पंप माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चालला असता.

बाबा ओट्यावरून बघायचे. एकदा म्हणाले, "काय शिकतंस एवढा?"

"यंत्राशी बोलायला."

"मग ता काय बोलता?"

"शिव्या घालतं."

बाबा म्हणाले, "म्हंजे कळता त्याला."

शेवटी एकदाचं जमलं. कॉकला मोटर बसवली. जुनी मूठ तेवढी तशीच ठेवली, न जाणो वीज गेली तर. पहिल्या सकाळी मी सगळ्यांना चहा घेऊन ओट्यावर बसवलं. पंप आपोआप सुरू झाला. वेळ झाल्यावर कॉक आपोआप फिरला आणि पाणी काकांकडे गेलं. कोणाला उठावं लागलं नाही, कोणाला ओरडावं लागलं नाही. बाबा बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरा हाय." मी ती शाबासकी समजलो. आठवडाभर कारखान्यात मी छाती काढून चालत होतो.

मग चुलत बहिणीचा फोन आला. काकांच्या वाडीतल्या वरच्या बाजूच्या केळींनी माना टाकल्या होत्या. काका म्हणत होते, बोलणं तोडलं होतंच, आता पाणीही तोडलं.

मला राग आला. मी प्रोग्राम पुन्हा तपासला. दोन्ही वाड्यांच्या वेळेत एका सेकंदाचाही फरक नव्हता. तसाच बाबांकडे गेलो आणि म्हटलं, "काकांचं काहीतरीच. मी बरोबर निम्मं निम्मं केलंय."

बाबांनी कप खाली ठेवला. "निम्मा कोनी सांगितला तुला?"

मी पुस्तकाकडे बोट दाखवलं.

"त्याची जमीन उंचावर. पानी चढायला येळ लागता. आपली शेवटची रांग अर्धी भरली का मी कॉक फिरवायचो."

"रोज?"

"मग काय सनासुदीला?"

"काकांना माहीत आहे?"

"त्याला काय सांगायचा," बाबा म्हणाले, आणि गुडघा चोळायला लागले.

इतकी वर्षं आमच्या शेवटच्या रांगेतले घड बारीक का, याचा मी खतांना दोष देत होतो. मला रडू आलं. ते लपवायला मी पुस्तक उघडलं. त्या पुस्तकापायी माझं रडणं घरात कोणाला नवीन नव्हतं.

बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पांना सांगते." मी म्हटलं, आकडा बदलून टाकतो. पण कुठला आकडा? ऊन कडक असलं की वेगळा, वारा सुटला की वेगळा, ते फक्त बाबांना कळायचं. म्हणून मी वेळेचा सगळा भाग काढून टाकला, पंपाचा स्विच ओट्यावर आणला आणि त्याच्या शेजारी कॉकचं एक बटण बसवलं. बाबांनी बसल्या जागेवरून वाडीकडे बघायचं, वाटेल तेव्हा बटण दाबायचं, कॉक फिरणार. बहिणीला दाखवलं तर ती म्हणाली, "दादा, याला सी प्लस प्लस कशाला? पायथनही नको. दोन वायरी ओढल्या असत्या तरी झालं असतं." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण बटणाच्या पहिल्या पहाटे मी उठलो होतो. बाबांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं, ती अर्धीच भरली होती. त्यांनी बटण दाबलं. मग सवयीने, बसूनच, कुंपणाकडे तोंड करून ओरडले, "पानी सोडलाय!"

कुदळीचा आवाज आला नाही. पलीकडून काकांचा आवाज आला, घोगरा, जरा चढाच. "लवकर सोडलास! तुझी अळी भरू दे आधी!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बटणाकडे. पंप चालू असताना कॉक उलटा फिरवायची सोय त्यात नव्हती. इतके महिने घासून मला ते सुचलंच नव्हतं. बाबा चपला शोधायला लागले, म्हणून मी त्यांच्या आधी विहिरीकडे पळालो. पण काका माझ्या आधी पोचले होते. जुनी मूठ दोन्ही हातांनी धरून ते कॉक आमच्या बाजूला फिरवत होते.